मीटर लाल झाला म्हणजे घरात नेमकं काय सापडलं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वहिनींनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. त्यांनी ऑनलाइन एक हातात धरायचा रेडिएशन मीटर मागवला, दोन-अडीच हजाराचा, आणि घरभर फिरवला. मिक्सरजवळ आकडा १९.९९ वर जाऊन अडकला, मायक्रोवेव्ह लावल्यावर लाल लाइट आणि टीं टीं सुरू, वायफायच्या राउटरजवळ ३ व्होल्ट पर मीटर, आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या उशाशी, भिंतीजवळ, ०.९ मायक्रोटेस्ला आणि ९० व्होल्ट पर मीटर, तिथंही लाल. भिंतीच्या पलीकडं हॉलमध्ये इन्व्हर्टर ठेवलाय. समोरच्या बिल्डिंगवर टॉवर आहे. सासूबाई म्हणतात राउटर काढून टाका, नवरा म्हणतो मीटरच फेकून दे, आणि एक माणूस येऊन रेडिएशन अडवतात म्हणून भिंतीला लावायच्या चकत्या साडेचार हजाराला देतो म्हणून सांगून गेलाय. आता मायक्रोवेव्ह टाकायचा का, खोली बदलायची का?

वहिनी, मी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगमध्ये सत्तावीस वर्षं काढलीत आणि गेली काही वर्षं घरांचं वायरिंग आणि अर्थिंग तपासायचं काम करतो, त्यासाठी असले मीटर रोज हातात असतात. उत्तर आधी देतो, कारणं नंतर. मायक्रोवेव्ह ठेवा. राउटर ठेवा. चकत्या घेऊ नका. मुलाची खाट मात्र आजच त्या भिंतीपासून सरकवा, चार-पाच फूट तरी, आणि त्या भिंतीतलं वायरिंग तपासून घ्या. तुमच्या मीटरनं घरातली एक खरी गोष्ट दाखवलीय, फक्त ती राउटरची नाही.

आता मीटर काय मोजतो ते समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथंच आहे. डब्यावर रेडिएशन टेस्टर लिहिलेलं असतं पण आत दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक चुंबकीय क्षेत्र, ते मायक्रोटेस्लात (काही मीटरवर मिलिगॉस असतं, १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला). दुसरं विद्युत क्षेत्र, ते व्होल्ट पर मीटरमध्ये. नळाचं बघा, तोटी बंद असली तरी पाइपात पाण्याचा दाब असतोच, आणि तोटी सोडली की पाणी वाहतं. तसं वायरमध्ये नुसता व्होल्टेज असला, काहीही चालू नसलं, तरी विद्युत क्षेत्र असतं. करंट वाहायला लागला की चुंबकीय क्षेत्र येतं. म्हणून मिक्सर पिनला लावून बंद ठेवला तर व्होल्टवाला आकडा दिसेल, मायक्रोटेस्ला शून्याच्या आसपास, आणि बटण दाबलं की मायक्रोटेस्ला उसळतो.

घरच्या लाइटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे तिची तरंगलांबी ६००० किलोमीटर भरते. इतक्या लांब लाटेचं मिक्सरमधून किरण बाहेर पडतंय असं काही नसतं, ते क्षेत्र त्या वस्तूला चिकटूनच असतं आणि दोन पावलं मागं सरलं की विरतं. एक्स-रेसारखं शरीरातले रेणू तोडणारं तर ते नाहीच, आणि मोबाइल-वायफायच्या लहरीही तेवढ्या ताकदीच्या नाहीत.

लाल लाइटचं सांगतो. तुमच्यासारख्या बऱ्याच स्वस्त मीटरांत अलार्म कंपनीनंच ०.४ मायक्रोटेस्ला आणि ४० व्होल्ट पर मीटरला लावून दिलेला असतो. ती कुठलीही कायद्याची मर्यादा नाही. ५० हर्ट्झसाठी रेडिएशनपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची, म्हणजे आयसीएनआयआरपीची, २०१० ची सामान्य लोकांसाठीची पातळी २०० मायक्रोटेस्ला आणि ५००० व्होल्ट पर मीटर आहे (आधी १९९८ मध्ये ती १०० मायक्रोटेस्ला होती). कामगारांसाठी तर १००० मायक्रोटेस्ला. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसजवळ किंवा वेल्डिंगच्या केबलजवळ उभं राहिलं की हे मोठे आकडे कशासाठी ठरवलेत ते कळतं, घरात तिथपर्यंत कुणी जात नाही.

मग ०.४ हा आकडा आला कुठून? तोही हवेतून नाही आलेला. १९७९ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर शहरात वर्थायमर आणि लीपर या दोघांनी विजेच्या तारांजवळची घरं आणि लहान मुलांमधला रक्ताचा कॅन्सर यांचा संबंध दिसतो असं मांडलं. त्यानंतर बऱ्याच देशांत अभ्यास झाले, ते एकत्र करून पाहिले तेव्हा ज्या घरांत सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्र कायम असतं त्या मोजक्या घरांत थोडी वाढ दिसली, त्याखाली नाही. म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं हे चुंबकीय क्षेत्र २बी गटात, म्हणजे "कदाचित कारण असू शकेल" या गटात टाकलं. २००७ मध्ये आरोग्य संघटनेनं सगळं परत तपासलं, तेव्हाही पुरावा कारण म्हणण्याइतका पक्का नाही, पण फार खर्च न करता कमी करता येत असेल तर करावं, असंच सांगितलं. ही सरासरी चोवीस तासांची आहे हे लक्षात ठेवा. दोन मिनिटं चटणी वाटताना मिक्सरचा आकडा त्या हिशोबात बसत नाही. मूल रोज आठ-नऊ तास जिथं डोकं ठेवून झोपतं तो आकडा बसतो. म्हणून मी मिक्सर सोडून खाटेबद्दल बोलतोय. भीती घालायची म्हणून नाही, खाट सरकवायला एक पैसा लागत नाही म्हणून.

अंतराचा हिशोब एकदा डोक्यात बसला की निम्मी काळजी संपते. मोटर, ट्रान्सफॉर्मर, कॉइल असलेल्या वस्तूचं चुंबकीय क्षेत्र अंतर दुप्पट केलं की साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. आरोग्य संघटनेच्याच तक्त्यात हेअर ड्रायर तीन सेंटीमीटरवर ६ ते २००० मायक्रोटेस्ला आणि तीस सेंटीमीटरवर ०.०१ ते ७ असा आहे, फ्रिज तीस सेंटीमीटरवर ०.०१ ते ०.२५, वॉशिंग मशीन ०.१५ ते ३, इस्त्री ०.१२ ते ०.३. मिक्सर मी अनेक घरांत मोजलाय, भांड्याला मीटर टेकवला की कुठलाही मीटर अडकतो, एक फुटावर एक-दोन उरतं आणि हात लांब करून उभं राहिलं की किरकोळ. घरघंटीचं तसंच, एक हॉर्सपॉवरची मोटर आत आहे, चिकटून बसू नका, दळण लावून बाजूला व्हा, एवढंच. तुमच्या मीटरची धावच १९.९९ पर्यंत आहे, म्हणून तो आकडा म्हणजे "पट्टी संपली", मोजमाप नाही.

आता उशाकडं वळू. चुंबकीय क्षेत्राला विटांची भिंत अडवत नाही, भिंत नसल्यासारखंच ते पलीकडं येतं. इन्व्हर्टरमध्ये वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो आणि लाइट येऊन बॅटरी चार्ज व्हायला लागली की त्यातून भरपूर करंट जातो. म्हणजे मुलाच्या डोक्यापासून इन्व्हर्टर जेमतेम दीड-दोन फुटांवर, मधे फक्त भिंत. ०.९ तिथूनच येत असणार, पण असणार म्हणून चालत नाही, तपासायचं.

तपासताना एक चूक सगळे करतात. मेन बंद करतात आणि आकडा कमी झाला नाही, उलट वाढला, म्हणून घाबरतात. अहो, मेन बंद केला की इन्व्हर्टर चालू होतो, पंखे-लाइट तो उचलतो, आता त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर उलटा लोड आला. म्हणून आधी इन्व्हर्टरचं स्वतःचं बटण बंद करा, मग मेन. दोन्ही बंद असताना आकडा शून्याजवळ आला तर कारण घरातच आहे. तरीही आकडा राहिला तर ते बाहेरचं, शेजारच्या घराचं, जिन्यातल्या मेन केबलचं किंवा रस्त्यावरच्या डीपीचं. मग मेन चालू करून इन्व्हर्टर बंदच ठेवून बघा, मग इन्व्हर्टर लावून, आणि लाइट जाऊन परत आल्यावर पहिल्या तासात एकदा, कारण तेव्हा चार्जिंग जोरात असतं. रात्री दहाला, पहाटे गिझर चालू असताना, असे वेगवेगळ्या वेळी आकडे वहीत लिहा. एकदा मोजलेला आकडा हा त्या मिनिटाचा आकडा.

मीटर धरायची पद्धतही महत्त्वाची. हलवत हलवत वाचू नका. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडं साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, ते स्थिर असल्यामुळं हा मीटर ते दाखवत नाही, पण मीटर झटक्यानं फिरवला की काही मीटरांना ते बदलतंय असं वाटतं आणि खोटा आकडा येतो. लाकडी नाहीतर प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवा, हात काढा, पाच-दहा सेकंद थांबा. बऱ्याच स्वस्त मीटरांत आत एकच कॉइल असते, म्हणजे एकाच दिशेचं मोजतात, तसा असेल तर उभा, आडवा आणि तिसऱ्या बाजूनं असं तीन वेळा ठेवून वाचा. तिन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलं की खरा आकडा, नाहीतर सगळ्यात मोठा धरला तरी घरच्या कामाला चालतो.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. समजा इन्व्हर्टर बंद करूनही भिंतीजवळ आकडा राहिला, आणि भिंतीत तर नुसती वायर आहे. मग काय? नीट केलेल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी जातात, एकातून करंट जातो तेवढाच दुसऱ्यातून परत येतो, दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर मीटरला जवळपास काही दिसत नाही. भिंतीतल्या वायरमुळं खोलीच्या मध्यापर्यंत आकडा येतोय याचा अर्थ गेलेला करंट त्याच वाटेनं परत येत नाहीय. एकट्या वायरमधून १ अँपिअर वाहिला तर एक मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला येतात, हा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे, आणि एकट्या वायरचं क्षेत्र लवकर विरत नाही, अंतर दुप्पट केलं तर फक्त निम्मं होतं.

मंगळवार पेठेत एक जुना वाडा आहे, दोन भावांनी वाटून घेतलेला, खाली एक वर एक, दोन वेगळे लाइट मीटर. खालच्या वहिनींनी मला बोलावलं होतं ते आरसीसीबी (शॉकपासून वाचवायला आपोआप लाइट तोडणारा स्विच) परत परत पडतो म्हणून, रेडिएशनचा विषयच नव्हता. मी सवयीनं मीटर काढला तर मधल्या खोलीत, जिथं आजी झोपायच्या, काही चालू नसताना दीड मायक्रोटेस्लाच्या वर. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, फरक नाही. मग सगळ्यांना विचारलं की आत्ता वाड्यात चालू काय आहे, तर वरच्या मजल्यावर गिझर. वरचा गिझर बंद केला, खालचा आकडा पडला. टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजायचं यंत्र) आणला, वरच्या मेन लाइनमधल्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र त्याच्या जबड्यात घेतल्या. नीट असेल तर तिथं शून्य यायला पाहिजे, कारण जाणारा आणि येणारा करंट सारखा. आले चार अँपिअरच्या वर. वाटणीनंतर जिन्याखाली बाथरूम काढलं तेव्हा कुणीतरी एका बोर्डात वरचा आणि खालचा न्यूट्रल एकत्र पिळून टाकला होता. वरच्या गिझरचा करंट जाताना वरून जायचा आणि येताना निम्मा खालच्या घराच्या भिंतीतून परत यायचा. आरसीसीबी पडत होता तो त्याचं काम करत होता, जाणारा-येणारा करंट जुळत नाही म्हणून तोडत होता. आणि आधीच्या वायरमननं यावर उपाय काय सुचवला होता, तर आरसीसीबीच काढून टाकू. घरात लहान पोरं, न्हाणीघरात ओली फरशी, आणि शॉक लागल्यावर जीव वाचवणारी एकमेव वस्तू काढून टाकायची. ते आठवलं की मला आजही राग येतो.

न्यूट्रल वेगळे केले, पाऊण तासाचं काम. मधल्या खोलीचा आकडा ०.०५ वर आला, आरसीसीबी पडायचा थांबला. म्हणून मी म्हणतो मीटर फेकू नका. असल्या चुका दुसरी कुठली वस्तू इतक्या पटकन दाखवत नाही.

तुमचे ९० व्होल्ट पर मीटर हे दुसरं प्रकरण. ५००० च्या तुलनेत हा आकडा काहीच नाही, तब्येतीच्या दृष्टीनं मी त्याच्याकडं बघणारही नाही. पण भिंतीजवळ तो एवढा का, हे मी बघीन. एक तर हा आकडा तुमच्या शरीरानं बदलतो, अनवाणी उभं राहिलात की वेगळा, चप्पल घालून वेगळा, मीटर मुठीत आवळून धरला की वेगळा, म्हणून इथंही स्टुलावर ठेवून लांब व्हायचं. मग त्या भिंतीवरच्या नाइट लॅम्पचं बटण बंद करा आणि बघा. बटण बंद करूनही लॅम्पच्या वायरजवळ आकडा तसाच राहिला तर बहुतेक बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय, म्हणजे दिवा विझतो पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच. बल्ब बदलताना शॉक बसतो तो असाच. ही गोष्ट मीटरवर अवलंबून ठेवू नका, वायरमनकडून टेस्टर लावून खात्री करून घ्या.

आणि अर्थिंग. तीन पिनचं सॉकेट दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका, उघडून बघितलं की कितीतरी घरांत तिसऱ्या पिनला वायरच नसते. मग लॅपटॉपच्या कडेला हात फिरवला की मुंग्या येतात, आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळं पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असतो. फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्याजवळ तुमच्या मीटरचा व्होल्टचा आकडा मोठा आला आणि चांगल्या अर्थिंगच्या बोर्डाला लावल्यावर पडला, तर उत्तर मिळालं. आपल्या गावात यात आणखी एक गोष्ट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं तिथं पाणी ओसरल्यावर भिंती रंगवल्या गेल्या, फर्निचर बदललं, पण बोर्डातले जोड आणि अर्थिंगची पट्टी कुणी उघडून बघितली नाही. गंजलेले जोड, ओली राहिलेली पाइपं. अशा घरांत मी आधी अर्थिंग आणि इन्सुलेशन मोजतो, रेडिएशनचा मीटर बॅगेतच राहतो.

राउटरकडं येतो. तुमचा मीटर ५० हर्ट्झ आणि वायफाय दोन्ही एकाच व्होल्ट पर मीटरमध्ये दाखवतो, वेगळं करून सांगत नाही. भिंतीचे ९० आणि राउटरचे ३ यांची तुलनाच होत नाही, कारण ५० हर्ट्झची पातळी ५००० आहे आणि वायफायच्या फ्रिक्वेन्सीला ती ६१ आहे. त्यात राउटरजवळच्या ३ मधलं काही राउटरच्या अँटेनाचं नसून त्याच्या अडॅप्टरचंही असेल. मिनी यूपीएस (राउटरची छोटी बॅटरी) असेल तर राउटर त्यावर घ्या, यूपीएसची पिन भिंतीतून काढा आणि परत मोजा, उरेल ते लहरींचं. वायफाय सलग ओरडत नसतो, क्षणाक्षणाला छोटे ठोके देतो, म्हणून आकडा नाचतो, आणि व्हिडिओ लावला की ठोके वाढतात. साधा राउटर ०.१ वॅटचा धरला तर एक मीटरवर जास्तीत जास्त १.७ व्होल्ट पर मीटर, दोन मीटरवर त्याच्या निम्मं. शिवाय तुमच्या मीटरच्या डब्यावर ३५०० मेगाहर्ट्झपर्यंतच लिहिलेलं असेल, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्याला नीट दिसतच नाही. राउटर अभ्यासाच्या टेबलावरून उचलून कपाटावर ठेवा, सासूबाईंचंही समाधान होईल. रात्री बंद केला तरी कुणाचं काही अडत नाही.

मोबाइलचं मात्र थोडं समजून घेण्यासारखं आहे. तो टॉवर लांब असला की जास्त जोर लावतो. कोल्हापुरात फुल रेंजमध्ये फोन कमी ताकदीवर चालतो, तोच फोन गगनबावड्याच्या घाटात किंवा राधानगरीच्या जंगलात एक कांडी रेंजला कमाल ताकदीवर जातो. हे तुम्ही मीटरनं स्वतः बघू शकता, फोन आणि मीटर हातभर अंतरावर ठेवून खिडकीत एक कॉल लावा आणि मग तळघरात लावा. म्हणून टॉवर जवळ असणं आणि फोन कानाला असणं या दोन गोष्टींत डोक्याला जास्त पोचतं ते कानाच्या फोनचं. भारतात फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात याला १.६ वॅट पर किलोची मर्यादा आहे, डायलवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की बहुतेक फोनवर तो आकडा दिसतो. मोबाइल लहरीही २०११ मध्ये त्याच २बी गटात टाकल्या गेल्या, त्यामुळं पोरांना लांब कॉलला स्पीकर नाहीतर इअरफोन लावायची सवय लावा आणि रेंज नसताना फोन उशीखाली नको.

टॉवरचा अँटेना टॉर्चसारखा समोर आडवा फेकतो, बरोबर खाली कमी पडतं. आपल्याकडं दूरसंचार विभागानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांशावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट पर चौरस मीटर. तरंग संचार नावाचं सरकारी पोर्टल २०१७ पासून आहे, त्यावर तुमच्या भागातल्या टॉवरची माहिती मिळते आणि फी भरून मोजणीही मागता येते. ती मोजणी करणाऱ्यांकडं लाखांच्या किमतीचं कॅलिब्रेट केलेलं यंत्र असतं. आपल्या अडीच हजाराच्या मीटरनं गच्चीत जास्त की खोलीत जास्त एवढंच सांगता येतं.

मायक्रोवेव्हमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा लाल लाइट बहुतेक आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा, तीस सेंटीमीटरवर ४ ते ८ मायक्रोटेस्ला हे अगदी नेहमीचं, दोन पावलं मागं गेलात की संपलं. दुसरी गळती, म्हणजे २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी दाराच्या फटीतून. अमेरिकेत त्याला पाच सेंटीमीटरवर ५ मिलिवॅट पर चौरस सेंटीमीटरची मर्यादा आहे, आणि ती मोजायला खास मीटर लागतो, हा नाही. घरी काय बघायचं तर दार वाकलंय का, बिजागरी ढिली झाली का, काचेतली जाळी कुठं फाटलीय का, कडेला तेल-मसाल्याचा थर बसलाय का. ठीक असेल तर वापरा. आत फोन ठेवून रिंग वाजते का बघायचा उपाय सगळे सांगतात, त्यावरून गळती ठरत नाही, फोनला फार कमी सिग्नल पुरतो. आणि रिकामा कधी चालवू नका, तपासायचाच असेल तर एक पेला पाणी आत ठेवून.

इंडक्शन शेगडी २० किलोहर्ट्झच्या पुढं चालते. बरेच मीटर त्यासाठी बनवलेलेच नाहीत, काही शून्य दाखवतात, काही भलताच आकडा, दोन्हीवर विश्वास नको. छोटं भांडं मोठ्या गोलावर ठेवलं की कॉइल उघडी राहते आणि बाजूनं जास्त निसटतं, भांडं गोलाएवढं घ्या आणि मधोमध ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं आणि फोन छातीच्या खिशात ठेवायचा नाही, हे मात्र सांभाळा आणि त्यांच्या डॉक्टरांनाही विचारा. मोबाइलवर मिळणारी मीटरची ॲप आहेत ती फोनमधल्या होकायंत्राचा आकडा दाखवतात, लोखंडी कपाटाजवळ नेला तरी वाढतो, त्यांचा इथं काही उपयोग नाही.

चकत्यांचं शेवटचं. तो माणूस परत आला तर त्याला बसवा, चहा द्या, आणि त्याच्यासमोर इन्व्हर्टरच्या भिंतीजवळ स्टुलावर मीटर ठेवून आकडा लिहा, चकती लावा, मीटर न हलवता परत लिहा. त्याच्या हातातल्या मीटरवर नाही, तुमच्या. ते लोक मीटर हातात धरून दाखवतात आणि चकती लावल्यावर मनगट जरासं फिरवतात, एका कॉइलच्या मीटरचा आकडा तेवढ्यानं निम्मा होतो. फोनला चिकटवायच्या स्टिकरनं खरोखर लहरी अडवल्या असत्या तर फोननं रेंजसाठी जोर वाढवला असता. साडेचार हजारात दोन बेडरूमच्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून वर पैसे उरतात.

तर या रविवारी एवढं करा. खाट सरकवा. इन्व्हर्टर बंद-मेन बंद, इन्व्हर्टर बंद-मेन चालू, दोन्ही चालू, असे तीन आकडे उशाच्या जुन्या जागेवर आणि खाटेच्या नव्या जागेवर घ्या, एकूण सहा. दुसरा आणि तिसरा यांत मोठा फरक असेल तर इन्व्हर्टर जिन्याखाली किंवा पॅसेजमध्ये हलवायचा, काम संपलं. पहिला आणि दुसरा यांत मोठा फरक असेल तर न्यूट्रलचा घोळ असू शकतो, मग बोर्ड तुम्ही उघडू नका, टाँग टेस्टर असलेला वायरमन बोलवा आणि त्याला फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घेऊन मोजायला सांगा. तो नको म्हणाला तर दुसरा बघा. सहा आकडे मला कळवा, मी बघून सांगतो.